खोडलेलं वाक्य
शेवंतीचा वास आला की आमच्या कॉम्प्युटर क्लबमधली एक रविवार सकाळ आठवते. कॉलेज रोडवरच्या एका खोलीत आम्ही दहा-बाराजण जमायचो, एकमेकांना शिकवायचो आणि क्लबच्या एकुलत्या एक इंटरनेट कनेक्शनवर पाळीपाळीनं बसायचो. त्या दिवशी मखमलाबादहून शेवंतीची फुलं विकायला आलेली एक बाई रिकामी पाटी घेऊन दारात उभी राहिली. वडिलांशी भांडून मस्कतला गेलेल्या मुलाचा ईमेल पत्ता तिनं कागदावर आणला होता. ती सांगत गेली आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत गेले. शेवटी ती म्हणाली, "लिहा, तुझे वडील लय आजारी हायेत." मी लिहिलं. ती पडद्याकडे बघत राहिली. "ताई, हे खोडता येतं का?" "येतं. खूणही राहत नाही." "मग खोडा. त्यासाठी नको यायला. त्याला आपणहून वाटलं, तर येऊ दे." मी खोडलं आणि ईमेल पाठवला. मुलगा दिवाळीला आला. तोवर हिंडूफिरू लागलेले वडील त्याला घ्यायला स्टँडवर गेले होते, हे तिनंच क्लबात येऊन सांगितलं. आता माझी मुलगी दूर राहते, आणि ते एक वाक्य खोडायला त्या बाईला किती बळ लागलं असेल, ते कळतं.