माझ्या कोटातली मयत मंडळी

नांदेडात माझं फ्लेक्सचं आणि फोटोचं दुकान आहे. नवीन डिझायनर मंडळी फोन करून विचारतात, सर, कंप्युटरवर काम करताना काय काळजी घ्यावी? मी वैतागून सांगतो, मूळ फाइलला हात लावू नका. आधी तिची कॉपी काढा, मग त्या कॉपीचा काय सत्यानाश करायचा तो करा. त्यांना वाटत असतं, हा माणूस काहीतरी भारी शॉर्टकट सांगेल. पण मला ही एकच गोष्ट धड कळली आहे, आणि ती शिकवायला किनवटहून एक बाई आली होती.

आमच्याकडे माणूस गेला की फोटोची शोधाशोध सुरू होते. सापडतो तो हमखास लग्नाच्या पंगतीतला, तोंडात घास असलेला. नाहीतर आधार कार्डावरचा, ज्यात भला माणूसही फरार दिसतो. घरच्यांचं एकच म्हणणं असतं, "कोट घाला त्यांना." म्हणून मी एकदा माझ्या लग्नातला निळा कोट अंगात घातला, बायकोकडून फोटो काढून घेतला, मान कापली आणि फाइलला नाव दिलं 'धड फायनल'. तेव्हापासून बिलोलीपासून माहूरपर्यंत जो गेला तो माझ्या कोटात गेला. गुरुजी, कंडक्टर, सरपंच, जन्मभर धोतर नेसलेले म्हातारे, सगळ्यांना माझंच धड. एका तेराव्याला जेवायला गेलो तर समोर हार घातलेलं माझंच पोट! शेजारी बसलेला फोटोकडं बघून म्हणाला, "शेवटी शेवटी तब्येत सुधारली होती हो त्यांची." मी खाली मान घालून बुंदी खाल्ली.

बायको दुकानात प्रिंटिंग बघते. ती म्हणायची, "तुमचं धड दर आठवड्याला मयतीला जाऊन राहिलं, माझ्या माहेरी यायला मात्र तुम्हाला सवड न्हाई." मी म्हणायचो, धंद्यात असलं मनावर घ्यायचं नसतं.

तर ती बाई. साठीची असेल. "जयभीम" म्हणाली, स्टुलावर टेकली आणि मीच आठवड्यापूर्वी दिलेली फ्रेम तिनं टेबलावर ठेवली. तिचे मालक रेल्वेत गँगमन होते, रिटायर झाले आणि वर्षाच्या आत गेले. निरोपाच्या दिवशीचा त्यांचा एकुलता एक चांगला फोटो तिच्या पुतण्यानं मला मोबाइलवर पाठवला होता. मी रिवाजाप्रमाणे कोट चढवला होता.

"भाऊ, हे आमचे न्हाईत," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, चेहरा तुमच्याच माणसाचा आहे की!"

"चेहरा हाय. खांदा न्हाई." तिनं काचेवर बोट ठेवलं. "तीस वर्षं रुळावरनं अवजारं घेऊन चालून चालून त्यांचा उजवा खांदा खाली गेलता. लाइनीवर धा माणसं असायची, लांबून समदी सारखीच. खांदा पडलेला दिसला की मी म्हणायची, ते आमचे. मग डबा घेऊन तिकडं चालायची."

"पण कोटात किती रुबाबदार दिसतात बघा."

"रुबाबदार हायेत. पण परक्याच्या अंगाला मी फुलं कशी वाहू?"

रविवारी त्यांच्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, भंतेजी येणार होते, पाव्हणे येणार होते, आणि तो दिवस गुरुवार. तिचं मागणं साधं होतं. पहिला फोटो होता तसा द्या.

त्यात काय, म्हणत मी फाइल उघडली. माझा कंप्युटर रांगतो, म्हणून काम झालं की मी सगळे लेयर, म्हणजे फोटोवर चढवलेले थर, एक करून टाकतो. वर हाताला घाणेरडी सवय, मिनिटामिनिटाला सेव्ह. म्हणजे तिच्या मालकांच्या मूळ फोटोवरच मी माझं धड कायमचं चिकटवून बसलो होतो. मोबाइलमध्ये बघावं तर मेमरी भरते म्हणून मी दर सोमवारी सगळं साफ करतो. पुतण्याचा मोबाइल पैनगंगेत पडलेला. तरी मी छाती फुगवून म्हणालो, "काळजी करू नका, बॅकअप आहे!" पेन ड्राइव्ह लावला, कोट. हार्ड डिस्क लावली, कोट. ऑनलाइन ठेवलेली फाइल उघडली, तिथंही कोट. बिघडवलेली फाइल मी तीन ठिकाणी जिवापाड जपून ठेवली होती! तरी केलेलं मागं फिरवायला येड्यासारखा कंट्रोल झेड दाबत बसलो.

"सापडलं का, भाऊ?"

"थांबा की जरा!" मी तिच्यावरच खेकसलो. बायकोनं तिला पाणी दिलं आणि मला म्हणाली, "खरं सांगा त्यांना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, माझ्या हातून पुसलं गेलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फ्रेमवर हात फिरवला आणि विचारलं, "म्हंजे आता ते कुठंच न्हाईत का?"

मी माउसनं खांदा खाली ओढून बघितला. कोट वाकडा झाला, बटणं कमरेला गेली, माणूस सरळच राहिला. मग बायकोच म्हणाली, "मावशी, निरोपाच्या दिवशीचा त्यांचा शर्ट हाय का घरी?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती पिशवीत पांढरा फुलशर्ट घेऊन आली. तो मला घालायला लावला. बायकोनं पांढरा पडदा टांगला, कॅमेरा घेतला. वाढदिवसाचा बॅनर न्यायला आलेली मंडळी काउंटरला रेलून तमाशा बघत होती.

"उजवा खाली घ्या, भाऊ."

"एवढा?"

"पाडू नका. पडू द्या."

"आणि पोट आत घ्या," बायको म्हणाली, "ते त्यांचं न्हाई."

मान पुढं, हात मोकळा, नजर रुळावर. जन्मात कुणाचं न ऐकणारा मी, सांगतील तसा उभा राहिलो. खांद्याला रग लागली. शेवटी ती उठली, जवळ आली, दोन बोटांनी तो खांदा जरासा दाबला, कॉलर नीट केली आणि मागं सरली. बायकोनं फोटो काढला.

"झालं," बायको म्हणाली. मला हलायचा धीर होईना. बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. पदर सारखा केला आणि आपलं स्टूल उचलून माझ्याजवळ आणून ठेवलं.

"बसा आता," ती म्हणाली, "लई चाललात."