शब्दकोडं आणि आसेगावची खबर

मी हे लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावलेला नव्हता, आणि कॉलेजातही मी मागच्या बाकावरचा. तरी आसेगावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या तिथून निघालेल्यांसाठी धीर करून लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

निघालो त्या दिवशी बा बैलगाडीनं मंगरूळपर्यंत सोडायला आला. माय वेशीपाशी थांबली. "मांगं पाहू नोको, बापा," एवढंच म्हणाली. मी पाहिलं नाही. मोटार अमरावतीच्या रस्त्याला लागली तरी मान अवघडलेलीच होती.

वसतिगृहात माझ्या खोलीत नागपूरचा वसंता होता. साप्ताहिक आलं की तो आधी शब्दकोडं उघडायचा. ते काळेपांढरे चौकोन तो भराभर भरायचा. मला वाटायचं, इथल्या लोकांना हे जन्मतःच येतं. आपल्याला येत नाही हे कळलं की आपण उघडे पडणार. म्हणून एका दुपारी तो बाहेर गेलेला पाहून मी पेन्सिल घेतली. पहिलीच सूचना होती: समुद्रकाठी वाट दाखवणारा, चार अक्षरी. मी समुद्र पाहिलेला नव्हता. दिवेलागणीला वसंता परतला, तेव्हाही मी तिथंच होतो.

"अबे, एकाच शब्दावर मुक्काम ठोकला काय? पुढचा पाहा नं!"

पुढचा कसा पाहणार? बानं वावरात बैलांमागं वखर धरायला शिकवलं तेव्हा बजावलं होतं, "मातीत ओढलेलं तास अर्धं सोडून बैल फिरवू नोको. नाही तं घरचं मानूस अर्ध्या वयात जाते." हे सांगितल्यावर वसंता पोट धरून हसला. मग म्हणाला, "उभी पाळी झाली की तुम्ही वखराची आडवी पाळी देता नं? तसंच हे. आडवा अडला तर उभ्याकडून ये." उभ्या शब्दांनी 'दी' आणि 'भ' आणून दिले. दीपस्तंभ! त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

हळूहळू शब्द सोडून पुढं जायला शिकलो. आमच्या बाजूचं कुणी भेटेल म्हणून सुटीच्या दिवशी कापसाच्या बाजारात जायचो. तिथं एकदा मंगरूळचा गाडीवान भेटला. बैलांपुढं कडबा टाकत, माझ्याकडं न पाहता म्हणाला, "आसेगावात पिलेग आला, उंदरं मरून पडून राह्यले. सारं गाव वावरात मांडव टाकून राह्यते. तुह्या मायच्या काखेत गाठ आली म्हनतेत. तुह्या बापानं सांगतलं, इकडं येऊ नोको. आला तं मांडवाबाहेरूनच धाडून देईन."

मी कार्डं टाकत राहिलो. उत्तर नाही. बाला लिहिता येत नाही, आणि लिहून देणारे मास्तर त्यांच्या गावी निघून गेले होते. प्लेगात उठलेल्या गावाचा पत्ता तरी काय लिहायचा?

मग ते जुनं भय परत आलं. कोड्यातला एकही चौकोन रिकामा ठेवायची हिंमत होईना. अर्धं सुटलं तर माय जाईल. सुचेल ते अक्षर मी कोंबू लागलो. वसंतानं एकदा तो कागद उचलला. या वेळी तो हसला नाही. रबर घेऊन त्यानं माझी अक्षरं एकेक करून पुसली. "चुकीचं भरलं तर बाजूचे चांगले शब्दही बिघडतात. कोरं राहू दे. कोरं म्हणजे वाईट नाही लेका. अजून ठाऊक नाही, एवढंच."

ते सोपं नव्हतं. ठाऊक नसणं हेच तर छातीवर बसलेलं होतं. पण मी कोरं ठेवू लागलो. वर्गात जाऊ लागलो. घर म्हणजे शेणानं सारवलेली ओटी, असं मी इतके दिवस समजत होतो. त्या महिन्यांत डोळ्यांपुढं ओटी येईना. वाऱ्यात हलणारा एक मांडव यायचा, आणि आत कोण आहे ते दिसायचं नाही.

थंडी सरता सरता तो गाडीवान वसतिगृहाच्या फाटकाशी उभा दिसला. मला पायऱ्या उतरवेनात. त्यानं तिथूनच हाक दिली.

"अबे, ये ना! गाठ फुटली, माय वाचली तुही. पन त्या घरात पाय ठेवत नाही म्हनते. रोग मरावा म्हनून बापानं छपराचे कवेलू उतरवले, चुलीवर ऊन पडून राह्यलं. सुटीत येशीन तं गावात जाऊ नोको. सरळ वावरात ये."