‘गावाला घर आहे ना?’

टिपणीसबाई पहिल्या तासाला फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढायच्या. प्रश्न, पर्याय, निर्णय, अंमलबजावणी, मूल्यमापन आणि पुन्हा प्रश्न, असे बाण फिरवून ते पुरं करायच्या. आम्ही ते वहीत नीट उतरवलं, की डस्टर न शोधता तळहातानंच पुसून टाकायच्या. “झालं? परीक्षेत हेच लिहा, मार्क मिळतील. सरकार कसं चालतं ते आता सांगते.” आणि खडूचा हात पदराला पुसत भांडायला उभ्या राहिल्यासारख्या शिकवू लागायच्या.

सुरतेतल्या एका संशोधन संस्थेत त्या धोरणशास्त्र शिकवत आणि सरकारी खात्यांसाठी पाहण्याही करत. गुजराती सहकाऱ्यांच्या त्या टिपणीसबेन, माझ्या बाई. माझे वडील बँकेत कारकून, मी वाढले इथंच, एम. ए. झाल्यावर बाईंनी मला मदतनीस म्हणून घेतलं. “प्रश्न आधी आणि उपाय नंतर, हे पुस्तकात,” त्या म्हणायच्या. “खरं म्हणजे उपाय कपाटात तयार असतो. त्याला शोभेलसा प्रश्न गाठायचा असतो, पोरी, वराला वधू गाठतात तसा.” “आणि संशोधनाचं काय होतं?” मी एकदा विचारलं. “अहवाल डोळ्यांपुढे ठेवून निर्णय घेतला, असं क्वचित होतं. डोक्यात मुरायला वर्षं लागतात. ढाल म्हणून मात्र रोज वापरतात.” हे वाक्य मी तीनदा लिहून घेतलं होतं. कळलं एकदाही नव्हतं.

प्लेगच्या साथीनंतरची ती वर्षं. शहर घासूनपुसून काढायचा सगळ्यांना उत्साह आलेला. उधन्याच्या पलीकडे खाडीकाठी खानदेशातल्या लूम कामगारांची वस्ती होती. तिथल्या लोकांना काय हवं याची पाहणी एका सरकारी कार्यालयानं बाईंकडे दिली. बाईंना वाटलं, नळ आणि संडास यांचं काही तरी होईल. घरोघर जाण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मला मराठी येत होतं.

छापील फॉर्म गुजरातीत. त्यात एक रकाना होता, ‘वतनमां घर छे?’ गुजरातीत वतन म्हणजे मूळ गाव. पहिलंच दार भिकनभाऊंचं. मी त्यांना विचारलं, “वतनात घर आहे का?” ते खो खो हसले. “वतन पाटीलनं ऱ्हास, ताई! आम्हनं कसानं वतन?” बरोबरच होतं, मराठी माणसाला वतन म्हटलं की इनामाची जमीनच आठवणार. मी तिथल्या तिथे शब्द बदलला. “गावाला घर आहे ना?” शेजारीपाजारी दारात जमलेले. भिकनभाऊ ताठ झाले. “शे ना! घर शे, वाडगं शे.” घर आहे, मागे गुरांचं आवारही आहे, म्हणून मी ‘आहे’वर खूण केली. पुढच्या सगळ्या घरी मी तेच विचारलं, आणि जवळजवळ सगळ्यांनी ‘शे’ म्हटलं. आपण किती हुशार, असं मनाशी म्हणत मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन परतले.

अहवाल गेला. चार महिन्यांनी नोटीस लागली. खाडीकाठच्या रस्त्यासाठी वस्ती हटवणार. रस्त्याचा नकाशा साथीच्याही आधीचा होता, नुसता कपाटात पडलेला. पर्यायी जागा कुणालाच नाही, कारण ‘अभ्यासानुसार रहिवाशांची वतनात स्वतःची घरं आहेत.’

बाई मला घेऊन थेट त्या सरकारी कार्यालयाच्या साहेबांच्या खोलीत घुसल्या. इतक्या मोठ्यानं बोलल्या, की व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला. साहेब शांत होते. “बेन, रिपोर्ट तमारो, सही तमारी. तमे ज कहो छो के अमे वांचता नथी. आ वखते वांच्यो.” आम्ही वाचत नाही म्हणता ना, या वेळी वाचला, असं ऐकवून त्यांनी फाईल मिटली.

तिथून रिक्षानं वस्तीत. बाईंनी भिकनभाऊंना विचारलं, “गावच्या घरात आज चूल कोण पेटवतं?”

“कोन पेटाडी? तठे कोनीच नही. एक भीत उभी शे, तीबी काकानी.”

“मग घर आहे असं का सांगितलंत?”

भिकनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “ताईनी ईचारं, ‘घर आहे ना?’ पोरनं लगीन जमाडानं व्हतं, बाई. गल्लीना समोर नही कसं सांगू?”

रिक्षात बाई फाडकन म्हणाल्या, “छापलं होतं ‘घर छे?’ त्यात ‘ना’ कुठून आला?” मी रडायला लागले. “रडून काय होणार? ‘ना’ म्हटल्यावर कोण मानी माणूस नाही म्हणेल? प्रश्न तू वाकवलास. न तपासता सही मी केली. मूर्ख दोघी.” मग रिक्षातून उतरताना, “उद्यापासून पुन्हा. सगळी घरं.”

चूल कुठे पेटते, एवढं एकच आम्ही विचारलं. चूल सुरतेतच पेटत होती, सगळ्यांची. पुरवणी अहवाल घेऊन बाई स्वतः गेल्या, पोच घेतली. त्यावर शेरा पडला, ‘नोंद घेतली.’ पुढच्या आठवड्यात बुलडोझर आले. भिकनभाऊंची बायको डोक्यावर शेगडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. मला तिनं ओळखलं आणि तोंड फिरवलं.

‘आमच्या अहवालातला गावच्या घरांचा तक्ता चुकीचा आहे’ असं जाहीर पत्र संस्थेनं काढावं, असा बाईंनी हट्ट धरला. संचालक म्हणाले, संस्थेची अब्रू जाईल, पुढची कामं मिळणार नाहीत. बाईंनी राजीनामा दिला आणि नाशिकला गेल्या. त्यांनी पाठवलेलं पत्र एका वर्तमानपत्रानं आतल्या पानावर चार ओळींत छापलं. त्यात चूक फक्त स्वतःची लिहिली होती, माझं नाव कुठेही नव्हतं. मला त्याचाही राग आला. मी संस्थेतच राहिले, पगारासकट.

तीन वर्षांनी त्या वारल्या. संस्थेनं शोकसभा घेतली, फोटोला हार घातला. संचालक गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “संशोधनाचा धोरणासाठी उपयोग कसा व्हावा, हे टिपणीसबेननं दाखवलं. खाडीवस्तीचा त्यांचा अहवाल तर सरकारनं पूर्ण अमलात आणला.” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

मी उठले. “तो अहवाल खोटा होता,” मी म्हटलं. “बाईंना तो मागे घ्यायचा होता, तुम्ही घेऊ दिला नाहीत. आणि तो तक्ता मी भरला होता. माझ्या एका ‘ना’नं ती घरं गेली. बाईंनी माझं नाव झाकलं, मी झाकू दिलं.” पुढच्या रांगेतल्या कुणी तरी “बेसी जाव, बेन” म्हणत हातानं बसायला खुणावलं. सूत्रसंचालकानं घाईघाईनं माईक घेतला आणि बाईंच्या स्मृतीसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.

सगळे उभे राहिले. संचालकांकडे बघत मी बसले.