सुनदोकची आरोळी

सुनदोकच्या हातांना रिकामं राहणं ठाऊकच नाही. बाई बावन्न वर्षांची, पण दोघींचं काम एकटी उपसते. भिजलेलं सोयाबीन दळायचं, दूध उकळायचं, त्यात समुद्राचं पाणी बेताबेतानं सोडून ते फाडायचं, फडक्यात बांधून वर दगड ठेवायचा. आमच्या किनाऱ्यावर टोफू असाच होतो. दर पाचव्या दिवशी बाजारात फळीवर वड्या मांडून ती आरोळी ठोकायची, "खावा बायांनो टोफू! छातीला रोग शिवायचा न्हाई!"

आरोळी सासूची. सासू नव्वद वर्षं जगली, म्हणजे आरोळी खरीच. शिवाय पुरावा होता. सुनदोकची थोरली बहीण जोंगनिम लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि तिथं तिचं एक स्तन काढावं लागलं. गावानं निकाल देऊन टाकला: लोणी आणि गोमांस भोवलं.

दोन वर्षांतून एकदा तपासणीची पांढरी गाडी शाळेच्या पटांगणात येते. यंत्राच्या फळ्यांमध्ये छाती दाबली तेव्हा सुनदोक कण्हत म्हणाली, "ह्यापरीस माझ्या टोफूवरचा दगड बरा!" पंधरा दिवसांनी कागद आला. स्तन दाट आहेत, फोटोत नीट दिसत नाही, सोनोग्राफी करून घ्या.

शेजारची ओकगुम म्हणाली, "मलाबी हेच लिवलंय. आपल्याकडं निम्म्याहून जास्त बायांचं असंच असतंय म्हनं. मी जाऊन आले, तूबी जा."

"मला कशाला? माझ्या अंगात रक्त कमी न् टोफू जास्त."

बोलली खरी, पण त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दिवसातून तीन वेळा टोफू खायला लागली. खाताना डावा हात आपसूक छातीवर जायचा, चाचपायचा, मागं यायचा. दूध फाडताना पाण्याचा बेत चुकायला लागला. नवऱ्यानं घास थुंकला. "काय गं, आज आख्खा समुद्र ओतलास व्हय?"

"ओतला. न्हाई आवडत तर नको खाऊ."

सणाला बहिणीचा फोन आला. सुनदोकनं खुशालीसुद्धा विचारली नाही. "अक्का, खरं सांग, तू लोणी किती खाल्लंस तिथं?"

"लोणी? त्याच्या वासानंच मला ओकारी येती! चाळीस वर्षं आईच्या हातासारखी सोयाबीनची आमटीच रांधतेय मी. टोफूबिगर एक दिस गेला न्हाई."

"मग झालं कसं?"

"ते मला ठावं असतं तर होऊ दिलं असतं का? माझंबी दाटच निघालं होतं. फोटोत गाठ दडून बसली, दोन वर्षं दिसलीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सुनदोक शहरात गेली.

डॉक्टरीण तरणी होती. म्हणाली, "मावशी, दाट स्तन फोटोत पांढरं दिसतं, गाठही पांढरीच. दुधाच्या हंड्यात टोफूचा तुकडा हुडकायचा, तशातली गत." मग सोनोग्राफीच्या पडद्यावर सोयाबीनच्या दाण्याएवढं काळं गोल काही दिसलं आणि सुनदोक मान उचलून बघायला लागली. "पाण्याची पिशवी आहे. घाबरू नका. पुढच्या वर्षी परत या."

"आन् टोफू?"

"खा की. थोडीफार मदत होतही असेल. पण त्याच्या भरवशावर राहू नका."

जीव भांड्यात पडला, तरी परतीच्या गाडीत तिला जागेवर बसवेना. तीस वर्षं ही आरोळी. ती ऐकून किती जणी तपासायला गेल्या नसतील?

पुढच्या बाजारात तिनं तोंड उघडलं, "खावा बायांनो टोफू!" आणि थांबली.

"पुढचं इसरलीस का गं?" नेहमीचं गिऱ्हाईक असलेली म्हातारी चोमदान हसली.

"पुढचं खोटं हाय. तुला दाट म्हणून कागद आला होता का?"

"आला होता. चुलीत घातला. तूच तर सांगत हुतीस."

सुनदोकनं कापलेली वडी मागं ओढली. "मग वडी न्हाई. आधी तपासून ये."

"आगं टोफू इकतीस का दवाखाना चालवतीस?" चोमदान पाय आपटत पलीकडच्या टोफूवालीच्या फळीवर गेली. तिच्या मागोमाग आणखी चार गेल्या. वड्या उरल्या.

मधले चार दिवस सुनदोक कढई घासत राहिली, घासलेलीच पुन्हा घासत राहिली.

बाजारच्या दिवशी चोमदान आली ती कागद फळीवर आपटतच. सुनदोकनं हात पुसले, पण कागद उलगडायचं धाडस होईना. "काय निघालं ते तोंडानं सांग."

"काय निघायचंय? काईसुदीक न्हाई! रांगेत उभं राहून कंबर तेवढी मोडली. आता वडी मोठी काप."