पडीक

माझा धाकटा भाऊ मुंबईच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा, तेव्हा त्याच्या बोलण्यानं मला झोप यायची. मागणी, पुरवठा, निर्देशांक... अरे बाबा, जेवताना तरी गप्प बस, असं मी म्हणायची. पण त्याची एक गोष्ट मी कधी विसरले नाही. काशीदच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाचं खळं अगदी समुद्राला लागून. मोकळी जागा, तिथं बायका बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालतात. आमची आईही घालते. पावसाळ्यात खळं रिकामं असतं, म्हणून सरकारी नकाशात ते 'पडीक'. भाऊ म्हणायचा, "ताई, हा शब्दच खोटा आहे. ज्या जागेवर कुणाचं पोट आहे, ती पडीक कशी?" परिषदांत तो हेच बोलायचा, टीव्हीवरही हेच. आईला त्यातलं अक्षर कळत नसे, पण टीव्हीत पोरगा दिसला की ती शेजारणींना हाका मारायची.

मग एका पक्षानं त्याला उचलून निवडणुकीचं तिकीट दिलं. प्राध्यापक, त्यात कोळ्याचं पोर, त्यांना आणखी काय हवं होतं! प्रचाराची पहिली सभा त्यानं खळ्यातच घेतली, वलांडीपाशी उभं राहून. तोच शब्द, तेच बोलणं. बायकांनी टाळ्यांनी खळं दणाणून सोडलं. तो निवडून आला तेव्हा आईनं कोळीवाडाभर पेढे वाटले. मीही नाचले, खोटं कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात गावात त्याची सभा झाली. आई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. भाऊ झकास बोलत होता. पर्यटक येतील, गाड्यांचा तळ होईल, हॉटेलं होतील, पोरांना गावातच कामं मिळतील. "आणि यासाठी कुणाचं घर जाणार नाही, कुणाची शेती जाणार नाही. किनाऱ्यावरची पडीक जागा आपल्याला पुरेल!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई मात्र सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, कुठली गं पडीक जागा? आपल्याकडं तर न्हाय."

"आपलं खळं, आये," एवढंच मी म्हणाले. पुढच्या टाळ्यांना तिचे हात मांडीवरच राहिले.

सभेनंतर तो घरी जेवायला आला. कार्यकर्ते बाहेर ओट्यावर बसले. मी दार लोटलं आणि तोंड सोडलं. "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस? तिच्या बोंबलांवर शिकलास ना रे तू?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ताई, कॉलेजात मी खरं तेच बोलायचो, पण त्यानं एक वलांडी तरी वाचली का? इथं चार गोष्टी मिळवायच्या तर एक सोडावी लागते. पोरं बोटीवर जायला तयार नाहीत, त्यांना मी काय देऊ? खळ्यासाठी दुसरी जागा मागेन मी."

"मागशील! कुठं, डोंगरात? बोंबील वाळवायला समुद्राचा वारा काय तुझा पक्ष आणून देणार आहे तिथं?"

तो पानावर जाऊन बसला. त्याचं सगळंच चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि तेच मला छळतं.

आई आमच्या मध्ये पडली नाही. त्याला वाढत राहिली, भात घे म्हणाली. तो मुंबईला निघाला की ती दर खेपेला सुके बोंबील बांधून देते. याही खेपेला दिले. पिशवीला गाठ मारून त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, "पडीक जागेवरचे हायत. चालतील ना रं तुला?"

टोमणा नव्हता तो. आईला टोमणे मारता येतच नाहीत. ती खरंच विचारत होती.

बाहेर गाडी सुरू झाली होती. भावानं मान खाली घालून पिशवी घेतली. "चालतील, आये," म्हणाला आणि गेला.

मला वाटलं होतं, निदान पिशवी तरी तो घेणार नाही.