चिखलकाकांचं जन्मगाव

चिखलकाकांना घरात घ्यायच्या आधी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं करून पाय धुवायला लावावे लागायचे. खरं नाव चांगलं भारदस्त होतं, मागे डॉक्टरेटही होती. पण सिंगापूरजवळच्या पुलाउ उबीन बेटावरच्या खारफुटीत दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहून आलेल्या माणसाला माझ्या लेकीने दिलेलं नावच शोभायचं. सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. नवरा माझा जहाजावर, सहा-सहा महिने गायब. तेवढीच घरात मोठ्या माणसाची सोबत.

"काका, यू स्मेल लाइक प्रॉन्स लाह!" लेक नाक दाबून ओरडायची. "अगं, कोळंबी महाग असते, मान आहे तो," म्हणून ते गंभीरपणे बाथरूममध्ये जायचे.

वादळात कुठला किनारा टिकतो आणि कुठला वाहून जातो, यावर त्यांचा अभ्यास होता. त्यात त्यांचा शब्द मानतात, हे मला त्यांच्या विद्यार्थ्यांकडून कळलं. त्यांना स्वतःला विचारलं की म्हणायचे, "माझं काही नाही हो वहिनी, सगळं झाडंच करतात."

विद्यापीठातलं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं आणि इथलं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, काही मिळालं नाही, तेव्हा मात्र हे झाडांवर ढकलणं मला सोसेना. अमेरिकेत एक वाट होती. नोकरी देणारा मालक नसला तरी चालतं, पण तुमचं काम त्या देशाच्या हिताचं आहे हे पटवून द्यावं लागतं. मग ग्रीन कार्डाचं दार उघडतं. अर्ज स्वतःच करायचा. जेवणाच्या टेबलाशी बसून हा गृहस्थ लिहितोय काय, तर "आमच्या गटाने थोडेफार काम केले." मी लॅपटॉपच ओढून घेतला. "अहो, झाडांना कुणी व्हिसा देत नाही! 'मी' लिहा, 'मी'!" कान लाल करून त्यांनी तो 'मी' लिहिला.

आणि अर्ज मंजूर झाला! कधी भेटलेही नव्हते अशा शास्त्रज्ञांनी त्यांच्याबद्दल भरभरून लिहिलं होतं. मी शिरा केला. काका मात्र बशी हातात धरून नुसतेच बसले.

"मंजूर झालंय, पण आता रांग आहे," ते म्हणाले. "माणूस ज्या देशात जन्मला, त्या देशाची रांग. आपली फार लांब आहे. नंबर लागेपर्यंत मी म्हातारा होईन."

"मग आपल्या सगळ्यांचंच तसं!"

"माझ्या धाकट्या भावाचं नाही. त्याचा जन्म मस्कतचा, तिथल्यांना रांगच नाही. वडिलांची नोकरी होती तिथे. मीही तिथेच जन्मायचो, पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून माई मिरजेला आली."

हात्तिच्या! मला हसावं की रडावं कळेना. कारण माईंची ती गोष्ट मला तोंडपाठ होती. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या मलाही ऐकवायच्या. "सातव्या महिन्यात एकटी विमानाने आले बघ. सगळे नको म्हणत होते. पण माझ्या आईच्या हातचं झालं, म्हणून तर पोर असं गुणी निपजलं." काका पलीकडे बसून मान डोलवायचे.

"माईला यातलं काही कळता कामा नये," ते म्हणाले. "अर्ज नामंजूर झाला, माझं काम कमी पडलं, असं सांगितलंय."

मी भडकले. "खोटंच बोलायचं तर सरकारला नावं ठेवा! स्वतःला कशाला?"

"सरकार म्हटलं की ती पुढे विचारणार, का, कशामुळे. मी कमी पडलो म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, वहिनी."

कॉन्ट्रॅक्ट संपलं, इथे राहायचा कामाचा पास रद्द झाला, काका मिरजेला गेले. दुसरीकडे कुठे कुणी चिखलावर पगार देईना. आता ते क्लासमध्ये प्रवेश परीक्षेच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतात. मला याचा राग आहे, आणि तो कुणावर काढावा हे अजून समजलेलं नाही.

गेल्या वर्षी सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन आले. काका बारीक झाले होते. चहा मीच करतो म्हणून आत गेले. माईंनी माझा हात धरून मला जवळ बसवलं.

"तू त्याला जवळून पाहिलंस. आमच्याकडून त्याला काही कमी नव्हतं गं. शाळा चांगली दिली, खायला-प्यायला दिलं. रात्र-रात्र विचार करते, माझंच कुठे चुकलं का? की तोच कमी पडला? खरं सांग."

आतला कपबश्यांचा आवाज थांबला.

"तुमचं काही चुकलं नाही, माई," मी म्हटलं. "तेच जरा कमी पडले."