यमूचे अण्णाकाका

नारळाच्या व्यापाऱ्यापुढे आमचे अण्णाकाका पापणी न हलवता थापा मारत. मुरुडात त्यांचा तसा लौकिकच होता. पण समोर दोन-अडीच वर्षांचं पोर आलं की हा माणूस एकदम धर्मराज होई. "मोठ्याला फसवलं तर तो भांडायला तरी येतो," ते म्हणत. "हे पोर कुणाकडे जाईल?"

माझ्या धाकट्या बहिणीला, यमूला, एकदा एरंडेल द्यायचं होतं. "गोड आहे हो," आई म्हणाली. काका ओटीवरून गरजले, "वहिनी, गोड कसलं? ओंगळ आहे! यमे, आधी मी घेतो, मग तू." दोघांनी तोंडं वाकडी करून घेतलं. यमू लगेच खेळायला पळाली. काकांची दुपार मात्र परसदारी गेली.

दूध सांडून यमूने मांजरीचं नाव घेतलं, तरी ते रागावत नसत. "माऊ काही पुसणार नाही. चल, आपण पुसू." पुसता पुसता ती हळूच म्हणे, "मी शांडलं."

"मग बरोबर माणूस पुसतोय," काका म्हणत.

पुढे आईला शस्त्रक्रियेसाठी मुंबईला न्यायचं ठरलं. बोटीच्या दिवशी आजी म्हणाली, "अण्णा, पोरीला गाय दाखवायला ने, तोवर ही निघेल." काकांनी ऐकलं नाही. यमूला मांडीवर घेऊन म्हणाले, "आई औषधाला जाणार. तू माझ्याजवळ राहणार." मग तिला घेऊन ते किनाऱ्यावर आले. आई-बाबांची होडी बोटीकडे निघाली, तसा यमूने असा टाहो फोडला की कोळणी टोपल्या खाली ठेवून काकांना बोल लावू लागल्या. काका मान खाली घालून उभे होते.

रोज संध्याकाळी यमू विचारी, "आई उद्या?" आजी म्हणे, "हो गं, उद्याच." काका म्हणत, "मला ठाऊक नाही, बाळ." एवढं बोलून ते उगाच आगरात जाऊन झावळ्या गोळा करत बसत.

शेवटी तार आली. आजी आनंदाने ओरडली, "यमे, आई उद्या येणार!" यमूने भातुकलीतून मानसुद्धा वर केली नाही. मग काका तिच्याजवळ उकिडवे बसले. "यमे, आई उद्या येणार."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. भातुकली तशीच टाकून आत गेली, आणि फणी घेऊन आली.

"वेणी मला येत नाही गं," काका म्हणाले.

तरीही ती त्यांच्याकडे पाठ करून बसली.